निळं लाकूड कुठं असतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात रंगीत विनियरवर, म्हंजे प्लायवर चिकटवायच्या रंगवलेल्या लाकडी पापुद्र्यावर, जेमतेम चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातली निम्मी तर एकाच अर्थाची, की हे खरं लाकूड का खोटं. मी काही शास्त्रज्ञ नाही, गोव्यातल्या फोंड्याच्या एका वर्कशॉपमध्ये मेस्तांच्या म्हंजे सुतारांच्या बरोबरीने वीसेक वर्षं प्लाय, विनियर आणि पॉलिशमध्ये हात काळे केलेत एवढंच. जे हातून गेलंय आणि जे वाचून पडताळलंय त्यावरून सांगते.

प्रश्न (पर्वरी): आमच्या नव्या फ्लॅटचं काम चाललंय. डिझायनरने टीव्हीच्या भिंतीला निळसर राखाडी ओकचा डाइड (रंगवलेला) विनियर दाखवला, मला आवडला पण सासूबाई म्हणतात निळं लाकूड कुठं असतं का, रंग फासलाय, दोन वर्षांत उडेल. ओरखडा पडला तर आतून पांढरं दिसणार का?

उत्तर: सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, निळा ओक कुठल्याच रानात उगवत नाही. पण फासलेला म्हणाल तर तेवढं खरं नाही.

आधी विनियर म्हंजे काय ते बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ओंडका गरम पाण्यात उकडून मऊ करतात आणि मग भल्यामोठ्या पात्याने त्याचे पापुद्रे काढतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली की होते तेवढीच. करवतीने फळ्या पाडताना बरंच लाकूड भुश्यात जातं, पात्याने सोलताना भुसा पडतच नाही. कागदावरचा हिशोब करा, एक घनमीटर लाकडाच्या इंचभर जाडीच्या फळ्या पाडल्या तर भुसा सोडूनही जेमतेम ४० चौरस मीटर मिळणार आणि अर्ध्या मिलिमीटरचे पापुद्रे काढले तर २००० चौरस मीटर. प्रत्यक्षात साल, गाठी, फाटलेल्या कडा जाऊन त्याहून बरंच कमी हाती येतं, पण फरक किती ते कळलं ना.

आता रंग. रंगवायला मुळात फिकट लाकूड लागतं, पॉप्लर, मेपल, ऍश, ओक, नाहीतर आफ्रिकेतलं आयुस. सागावर हे जमत नाही, तो आधीच गडद आणि वर तेलकट. पापुद्रे कधी आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतात आणि मग रंगाच्या गरम टाकीत बुडवून ठेवतात, काही कारखान्यांत दाब देऊन, लाकूड कुठलं त्यावर काही तास ते काही दिवस. लोणच्यात कैरी मुरते तसा रंग पापुद्र्यात आरपार मुरतो. मग धुवायचं, वाळवायचं, सपाट करायचं, छटेप्रमाणे गठ्ठे लावायचे. त्यामुळे ओरखडा आला तरी खाली तोच निळा दिसतो, फक्त ओरखडा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला हवा, त्याच्या खाली प्लायच आहे.

पण एक गंमत सांगते, बाजारात वरवर स्टेन मारलेली शीटही डाइड म्हणून खपवतात. दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्या आणि कडेला बारीक पॉलिशपेपर घासा, आत पांढरं दिसलं तर सासूबाई जिंकल्या.

आणि रंगीत लाकूड ही आजची फॅशन नाही हेही त्यांना सांगा. इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकात लाकडी जडावाची चित्रं करायचे, त्यात झाडाच्या पानांना हिरवं लाकूड वापरलंय आणि ते हिरवं कुणी रंगवलेलं नव्हे, एक बुरशी लाकडात शिरून त्याला निळसर हिरवं करते, तसे ओंडके शोधून आणायचे.

प्रश्न (म्हापसा): दुकानदार रेकॉन टीक म्हणून एक शीट दाखवतो, नॅचरल सागाच्या विनियरपेक्षा स्वस्त आणि प्रत्येक शीट अगदी सारखी. हा साग आहे की नाही? नाही तर मग लॅमिनेटच का घेऊ नये?

उत्तर: साग नाही भाई, पण लाकूड आहे. लॅमिनेट म्हंजे छापलेला कागद, त्यातला नक्षीचा साग फोटोतला.

रेकॉनचं असं, झपाट्याने वाढणाऱ्या फिकट झाडाचे पापुद्रे काढायचे, पॉप्लर किंवा आयुस, ते दोन-तीन छटांत रंगवायचे, एकावर एक रचून मध्ये गोंद लावून लाटेसारख्या साच्यात दाबायचे की त्याचा एक चौकोनी ठोकळा होतो. तो ठोकळा पुन्हा पात्याखाली घालून सोलला की प्रत्येक पापुद्र्यावर रंगांच्या थरांच्या रेषा उमटतात, साचा कसा आणि पातं कुठल्या कोनातून यावर सागाच्या रेषा, रोजवुडच्या रेषा, नाहीतर कुठल्याच झाडात नसलेल्या रेषा. इटलीतल्या मोदिल्याना गावची आल्पी कंपनी, १९१९ची, यातलं मोठं नाव, १९८०च्या दशकात एत्तोरे सोत्सास या डिझायनरने त्यांच्यासाठी असे पॅटर्न काढले जे झाडाची नक्कल करायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. मला खरं सांगू का, तेच जास्त प्रामाणिक वाटतात.

रोजवुडच्या बाबतीत मात्र नक्कलच बरी. ब्राझिलचं रोजवुड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे म्हंजे व्यापार जवळपास बंदच, आणि २०१७ पासून त्याच वंशातली बाकीची झाडंही दुसऱ्या परिशिष्टात आली म्हंजे परवान्याने व्यापार, त्यात आपला शिसवही आला. तुम्हाला शिसवी रंग हवा म्हणून शंभर वर्षांचं झाड पाडण्यापेक्षा सात-आठ वर्षांत तयार होणारा पॉप्लर रंगवला तर बिघडलं कुठं. हरियाणात यमुनानगरच्या आसपास शेतकरी गव्हाच्या बांधावर हा पॉप्लर लावतात, तिथला प्लायचा धंदा त्यावरच उभा आहे.

पण एक लक्षात ठेवा, रेकॉनमध्ये थराथराला गोंद असतो, त्यामुळे त्यात साध्या विनियरपेक्षा गोंदाचा वाटा जास्त. गोंद कुठला ते विचारा, त्यावर खाली एका ताईंच्या प्रश्नात लिहिलंय.

आणि पातळ पत्रा चिकटवला म्हणून कमअस्सल हे तर डोक्यातून काढूनच टाका. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे गोव्यात बनलेल्या कंतादोर (खूप खणांच्या) कपाटांवर काळ्या एबनीचे आणि हस्तिदंताचे तुकडे जडवून नक्षी केलेली आहे, आज ती म्युझियममध्ये काचेआड आहेत. महाग लाकूड वर, धट्टंकट्टं लाकूड आत, ही शहाणपणाची रीत आपल्याच मातीत जुनी आहे.

प्रश्न (वास्को): किचनच्या सिंकखाली आणि बाथरूमच्या दाराला डाइड विनियर चालेल का?

उत्तर: नाही. सिंकखाली लॅमिनेट लावा, बाथरूमला दुसरं काहीतरी बघा. पैसे हॉलला वापरा.

प्रश्न (मडगाव): दीड वर्षापूर्वी बेडरूमच्या वॉर्डरोबला गडद जांभळट विनियर लावला. खिडकीकडच्या शटरचा रंग उतरलाय, आतल्या बाजूचं अजून नवं दिसतं. दुकानदार म्हणतो पॉलिशवाल्याची चूक, पॉलिशवाला म्हणतो मालाची. कोण खरं?

उत्तर: दोघेही थोडे थोडे, आणि खिडकी सगळ्यात जास्त.

उन्हातले अतिनील किरण दोन कामं एकदम करतात, रंगाचा रेणू तोडतात म्हणून रंग फिका होतो आणि लाकडातल्या लिग्निनला पिवळं करतात म्हणून खालचा पाया बदलतो. जांभळ्यातून निळं गेलं आणि वर पिवळं चढलं की उरतो तो तपकिरी मळकट रंग, तुमच्या फोटोत तोच दिसतोय. न रंगवलेलं लाकूडही बदलतं बरं का, अक्रोडासारखं गडद असलेलं उजळतं, मेपलसारखं फिकट असलेलं पिवळं पडतं, पण तो बदल डोळ्याला गोड लागतो आणि जांभळ्याचा लागत नाही.

रंग उन्हात किती टिकतो ते मोजायला ब्लू वूल नावाची पट्टी असते, १ ते ८, आठ म्हंजे सगळ्यात पक्का. शीट घेताना हा आकडा विचारायचा, चांगल्या कंपनीच्या डेटाशीटवर असतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर मी तरी सहाच्या खालचा माल लावत नाही. तुमच्या दुकानदाराला विचारलं तर तो बहुतेक गप्प बसेल, मीसुद्धा एकदा असाच आकडा न विचारता माल उचलला होता, एका ओळखीच्यांच्या हॉलला लाल विनियर, चवथीला पाहुणे आले तेव्हा गणपतीच्या मखरामागचा चौकोन लालभडक आणि बाकी भिंत विटकरी. मखर हलवलं नसतं तर कळलंही नसतं.

पॉलिशवाल्याची बाजू अशी, त्याने यूव्ही (अतिनील किरण) अडवणारा टॉपकोट मारला असता तर वेग कमी झाला असता, थांबला मात्र नसता. आणि तेलाचं किंवा स्वस्तातलं पॉलिश स्वतःच पिवळं पडतं, राखाडीवर मारलं तर हिरवट झाक येते. रंगीत विनियरवर न पिवळणारा अॅक्रिलिक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वॉटरबेस्ड पॉलिश मागा आणि आधी त्याच शीटच्या तुकड्यावर मारून बघा, कारण काही रंग थिनरमध्ये सुटतात आणि शेजारी पांढरी पट्टी असेल तर तिच्यात उतरतात.

आता काय करायचं? खिडकीला जाड पडदा किंवा काचेला यूव्ही फिल्म लावा. त्या दोन शटरना नवा पापुद्रा चढवायचा झाला तर त्याच बॅचचा माल मिळणं कठीण, म्हणून सगळी शटरं एकदम करा नाहीतर खिडकीकडची दोन मुद्दाम वेगळ्या रंगाची करा आणि डिझाइन आहे म्हणून सांगा. पुढच्या वेळी मात्र एक शीट जास्तीची घेऊन गुंडाळून अंधारात ठेवा.

प्रश्न (कुडतरी): जुलैत मेस्ताने घरीच विनियर चिकटवला, ऑक्टोबरमध्ये फुगे आले, कडा उचलल्या, जानेवारीत बारीक भेगा. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. मेस्त म्हणतो विनियर डुप्लिकेट.

उत्तर: विनियर बिचारा निर्दोष असावा. जुलै हेच उत्तर.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. आपल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकडात वजनाच्या १६ ते १८ टक्के पाणी मुरतं, आणि तुम्ही एसी लावून खोली ५० टक्क्यांवर आणली की तेच लाकूड ९ टक्क्यांवर यायला बघतं. म्हंजे जुलैत फुगलेला पापुद्रा, फुगलेल्या प्लायवर, वर ओला फेविकॉल, आणि पाऊस सरला, एसी लागला की सगळं आकसायला लागलं, पण प्लाय एका वेगाने आणि पापुद्रा दुसऱ्या. फुगे तिथून, भेगाही तिथूनच.

शक्य असेल तर शीट वर्कशॉपमध्ये हॉट प्रेसखाली चिकटवून आणा, घरी ब्रशने गोंद लावून वर विटा ठेवण्यात दाब कधीच सगळीकडे सारखा बसत नाही. जमत नसेल तर निदान काम दिवाळीनंतर काढा आणि प्लाय, विनियर दोन्ही त्या खोलीत आठ-दहा दिवस नुसती ठेवा, खोलीच्या हवेची सवय होऊ द्या. विनियर प्लायच्या एकाच बाजूला लावला तर पॅनल वाकतो, मागच्या बाजूलाही साधा का होईना पापुद्रा हवा, हे मेस्तांना माहीत असतं पण पैसे वाचवायला गाळतात.

आणि चिऱ्याचं घर म्हणालात म्हणून, चिरा सच्छिद्र, पावसाचा मार खाणारी भिंत आतून ओलावते, तिला पॅनल अंगाला अंग लावून ठोकला तर मागे बुरशी धरणारच. पाऊण-एक इंच पट्ट्यांवर पॅनल बसवा, वर आणि खाली हवेला वाट ठेवा. पावसाच्या तोंडची भिंत असेल तर मी पॅनलच लावू देणार नाही, चुना मारा, सुंदर दिसतो.

प्रश्न (पणजी): मी आर्किटेक्चर शिकतेय. प्रोजेक्टसाठी डाइड विनियर निवडलाय, सगळ्या ब्रोशरवर इकोफ्रेंडली, ग्रीन, सस्टेनेबल लिहिलेलं असतं आणि पानाचं चित्र. यातलं खरं किती ते ओळखायचं कसं?

उत्तर: पानाचं चित्र फुकट असतं ताई. तीन गोष्टी विचारायच्या, झाड कुठलं, पाणी कुठं गेलं आणि गोंद कुठला.

झाडासाठी एफएससी बघतात, नीट जपलेल्या जंगलातल्या लाकडाला शिक्का देणारी १९९३ पासूनची संस्था. पण नुसता शिक्का बघून भुलू नका, त्याचे प्रकार आहेत, शंभर टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड, आणि मिक्समध्ये सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं असेलच असं नाही. खरी खूण बिलावर, जंगल ते कारखाना ते विक्रेता अशी साखळी प्रमाणित असेल तर तो कोड बिलावर छापलेला असतो आणि तो एफएससीच्या साइटवर तपासता येतो. ब्रोशरवर आहे पण बिलावर नाही, तर तुमच्या हातातली शीट एफएससीची नाही, एवढं सोपं. आयुस आफ्रिकेच्या नैसर्गिक जंगलातून येतं म्हणून तिथे हा कोड जास्तच महत्त्वाचा.

पाण्याबद्दल कुणीच विचारत नाही आणि मला वाटतं तीच यातली सगळ्यात मोठी गोष्ट. उकडायला पाणी, रंगवायला पाणी, धुवायला पाणी, आणि शेवटच्या पाण्यात उरलेला रंग. तो शुद्धीकरणाशिवाय ओढ्यात गेला तर लाकूड कितीही प्रमाणित असो, खालच्या गावच्या विहिरीला काय त्याचं. कंपनीला विचारायचं, टाकीतला उरलेला रंग पुढच्या फेरीला वापरता की फेकता, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे का, रंग कुठल्या वर्गाचे. आपल्याकडे १९९७ साली अझो या कृत्रिम रंगांच्या वर्गातल्या ७० रंगांवर बंदी आली कारण ते तुटून अमाइन नावाची घातक रसायनं तयार होतात. तुमचा सप्लायर रंगाचं सेफ्टी डेटाशीट देऊ शकला पाहिजे, दिलं नाही तर माझ्यासाठी तिथंच विषय संपला.

गोंद. प्लायचा आणि रेकॉनचा स्वस्त गोंद युरिया फॉर्मल्डिहाइडचा, आणि फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये पक्कं ठरवलं. हा गोंद उष्णता आणि ओलाव्यात हळूहळू सुटतो आणि वायू सोडत राहतो, म्हंजे नेमकी आपली हवा. ब्रोशरवर ई-वन किंवा ई-झिरो हे शब्द त्याच्याच मर्यादेचे, त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा. खालचा प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन घेतलात तर त्यात फिनॉलिक गोंद असतो, तो जास्त घट्ट धरतो, वायूही कमी सोडतो आणि पावसाला पुरून उरतो. गोव्यात मी विनियर कमी दर्जाचा घेईन पण बेस प्लायमध्ये हात आखडणार नाही.

अजून एक, स्मोक्ड किंवा फ्यूम्ड ओक नावाचा माल बघा. ओक बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत ठेवतात, ती त्यातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) क्रिया करून लाकूड तपकिरी होतं, रंगाची टाकीच नाही. अमोनियाही सांभाळूनच वापरावा लागतो म्हणा, पण गडद तपकिरी हवा असेल तर आधी हा विचार करा. शिवाय कोकणातून कर्नाटकात गेलं की कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावलेला सिल्व्हर ओक (नावालाच ओक), त्याचंही विनियर निघतं, प्रोजेक्टमध्ये घाला, सर विचारतील तेव्हा सांगायला बरं.

प्रश्न (डिचोली): आजीचं फणसाच्या लाकडाचं कपाट आहे, साधं, पिवळं, एक बाजू वाळवीने खाल्लेली. मुलगा म्हणतो टाकून द्या, काळं किंवा राखाडी मॉडर्न काहीतरी करू. मला टाकवत नाही. रंगवता येईल का?

उत्तर: काकी, टाकू नका हो. खाल्लेली बाजू काढून टाका, उरलेलं लाकूड वाळवीच्या औषधाने नीट भिजवून वाळवा आणि त्या एका बाजूला नव्या मरीन प्लायवर विनियर लावून जोडा. तिथे मुलाला हवा तो काळा लावू दे, जुन्या पिवळ्याशेजारी एक काळी बाजू छान दिसते, मी केलंय एकदा साखळी गावात.

फणसाचं लाकूड स्वतःच रंग देणारं आहे बरं. पूर्वेकडच्या देशांत बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायला याच्याच भुश्याचा काढा करायचे. म्हणून त्याचा पिवळा घालवायचा प्रयत्न करू नका, जाणारही नाही, तेल लावलं की तो सोन्यासारखा उठतो.

तरी सगळंच काळं करायचं असेल तर घरगुती उपाय आहे आणि त्यात कारखान्याचा रंग नाही. स्टीलवुल (बारीक लोखंडी तारांचा गुंता) बरणीत घाला, वर व्हिनेगर ओता, झाकण घट्ट लावू नका कारण वायू निघतो, एक-दोन दिवसांनी गाळा. दुसरीकडे हिरड्याचा कडक काढा करा, तो लाकडाला लावून पूर्ण वाळू द्या, मग वरून ते लोखंडाचं पाणी ब्रशने मारा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की डोळ्यांदेखत काळं पडतं, जुनी शाई याच मेळाने करायचे. लोखंडाच्या पाण्यात साधं पाणी घालून ते पातळ केलं तर राखाडी, तसंच मारलं तर काळं. आधी कपाटाच्या मागच्या बाजूला बोटभर जागेवर करून बघा, हातमोजे घाला, आणि पाऊस उघडल्यावरच करा, नाहीतर वाळणार नाही.

व्हिनेगर आपला नारळाचा चालतो, दुकानातला पांढराही चालतो. लोणच्याचा खार मात्र नको, आमच्याकडे एकाने खरंच लावला होता आणि कपाटाला अजून मुंग्या येतात.